भागीदार शोधताना आधी कोणाला भेटावे

युरोपीय संघाकडे सुरक्षा संशोधनासाठी पैसा मागायचा असेल, तर तो सहसा एकट्याने मागता येत नाही. 'होरायझन युरोप' या 2021 ते 2027 च्या संशोधन कार्यक्रमात बहुतेक विषयांसाठी तीन वेगवेगळ्या देशांतील किमान तीन स्वतंत्र संस्था एकत्र याव्या लागतात, आणि त्यांतील एक तरी संघाच्या सदस्य देशातील असावी लागते. सुरक्षेच्या विभागात अटी आणखी कडक होतात. विषय गुन्हेगारीचा असेल तर दोन-तीन देशांची पोलीस दले, सीमेचा असेल तर सीमा सुरक्षा किंवा सीमाशुल्क यंत्रणा, आपत्तीचा असेल तर अग्निशमन दल किंवा नागरी संरक्षण विभाग, अशी ती काम रोज करणारी माणसे प्रस्तावात असावीत अशी अट अनेक विषयांना जोडलेली असते. ती पूर्ण झाली नाही तर प्रस्तावातील विज्ञान कितीही चांगले असले तरी तो अपात्र ठरतो. त्यामुळे प्रत्यक्षातला कॉन्सॉर्टियम, म्हणजे एकत्र आलेल्या संस्थांचा गट, तीन संस्थांवर क्वचितच थांबतो. दहा, पंधरा, कधी त्याहूनही अधिक संस्था त्यात असतात. पोर्तुगालमधील विद्यापीठाला फिनलंडमधील बचाव दल कसे गाठता येईल, आणि रोमानियातील छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला नेदरलँड्समधील पोलीस अकादमीत कोणाशी बोलावे हे कोण सांगणार, या अडचणीतून भागीदार शोधण्याचे मेळावे उभे राहिले आहेत.

मी नेदरलँड्समध्ये पूर आणि आपत्कालीन इशाऱ्यांवर काम करणाऱ्या एका लहान संशोधन गटात आहे, आणि अशा मेळाव्यांना जाणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. आपल्याकडची कितीतरी माणसे आता युरोपातील विद्यापीठांत, कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत या प्रस्तावांवर राबत आहेत, म्हणून हे मराठीत लिहावेसे वाटले. पण त्याहून मोठे कारण असे की, या सभागृहांत कोण कोणाला आधी भेटते यावर पुढच्या चार वर्षांचे संशोधन कोणाच्या कामाला येईल हे बऱ्याच अंशी ठरते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या क्षेत्रातला सर्वांत परिचित मेळावा 'एसएमआयटूजी' या लघुनावाने ओळखला जातो. तो साधारण वसंत ऋतूत, बहुतेक वेळा ब्रुसेल्समध्ये, दोन दिवस भरतो. त्यामागे 'सेरेन' हे, सुरक्षा विषयात अर्जदारांना मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्यांचे जाळे आणि उद्योग व संशोधन संस्थांच्या संघटना असतात. वेळेची निवड विचारपूर्वक केलेली असते. कॉल, म्हणजे प्रस्तावांची आवाहने, बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतात आणि त्यांची मुदत बहुधा नोव्हेंबरमध्ये संपते. ऑगस्टमध्ये युरोपातली निम्मी कार्यालये सुट्टीवर असतात. म्हणजे ज्याला कोऑर्डिनेटर, म्हणजे गटाचा प्रमुख, म्हणून प्रस्ताव लिहायचा आहे, त्याच्या हातात सप्टेंबर आणि ऑक्टोबर एवढेच सलग महिने उरतात, आणि मे महिन्यात ज्याची ओळख झाली नाही त्याच्याबरोबर ऑक्टोबरमध्ये विश्वासाने काम करणे अवघड जाते.

सभागृहात एकामागून एक पिच, म्हणजे आपल्या कल्पनेची छोटी सादरीकरणे, होतात. प्रत्येकाला मोजकी मिनिटे मिळतात आणि त्यांत मोजक्याच स्लाइड्स दाखवायच्या असतात: कोणत्या टॉपिकसाठी, म्हणजे कॉलमधील कोणत्या विषयासाठी, आलो आहोत, कल्पना काय आहे, आमच्याकडे काय आहे आणि आम्हाला कोण हवे आहे. शेवटच्या स्लाइडवर 'हवे आहेत' या शीर्षकाखाली काय लिहिलेले असते ते मी लक्ष देऊन वाचते, कारण या क्षेत्राची खरी टंचाई तेथे उघड होते. अल्गोरिदम बनवणारे, ड्रोन उडवणारे आणि सेन्सर तयार करणारे तेथे क्वचित मागितलेले असतात. बहुतेक स्लाइड्सवर पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा, बंदर प्राधिकरण, नगरपालिका यांची मागणी असते, आणि या व्यवसायात त्या सर्वांसाठी 'प्रॅक्टिशनर' किंवा 'एंड-यूजर' हे शब्द रूढ आहेत. तंत्रज्ञान देणारे शेकड्यांनी येतात आणि ते वापरणारे फार थोडे.

पिचच्या जोडीला आधीच ठरवलेल्या भेटी असतात. ऑनलाइन यादीत आपली माहिती भरायची, दुसऱ्याच्या नावापुढे भेटीची विनंती करायची, आणि क्रमांक लावलेल्या लहान टेबलांवर पंधरा-वीस मिनिटे समोरासमोर बसायचे. वेळ संपली की पुढचा माणूस खुर्चीच्या मागे येऊन उभा राहतो. अशाच एका टेबलावर मी एका लहान शहराच्या अग्निशमन दलातील अधिकारी बाईंना पाहिले होते. त्यांच्या दोन्ही दिवसांच्या सर्व वेळा भरलेल्या होत्या, आणि मधल्या कॉफीच्या वेळेतही लोक त्यांच्याभोवती उभे होते. त्यांच्यासमोर चौकटींच्या कागदाची एक वही होती. प्रत्येक नव्या माणसासाठी त्या एक नवे पान घेत, वरच्या बाजूला संस्थेचे नाव लिहीत आणि साधारण एकच प्रश्न विचारीत: रात्री वीज गेलेली आहे, मोबाइलचे मनोरे बंद आहेत, माझ्या माणसाच्या हातात ओले हातमोजे आहेत, तर तुमची वस्तू तो कशी वापरेल? पुष्कळांनी या प्रश्नाला उत्तर न देता आपली कल्पना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. एकाने मात्र थांबून, हातमोजे किती जाड असतात, असे विचारले. त्याच्या पानावर बाईंनी बरेच काही लिहून घेतले, आणि पुढचा माणूस येऊन उभा राहिला तरी त्या दोघांचे बोलणे चालूच राहिले.

भागीदार शोधण्याच्या कलेविषयी मला जे काही सांगायचे आहे त्याचा गाभा त्या हातमोज्यांच्या प्रश्नात आहे. बहुतेकजण टॉपिकचा मजकूर हातात घेऊन त्यात बसणारा प्रॅक्टिशनर शोधत येतात. प्रॅक्टिशनरची अडचण आधी ऐकून मग तिला जुळणारा टॉपिक शोधणारे मला फार थोडे भेटले. पहिल्या मार्गाने प्रस्ताव लवकर उभा राहतो, पण त्यात अग्निशमन दलाच्या वाट्याला अखेरच्या वर्षातील एक चाचणी, थोडे पर्सन-मंथ (एका माणसाचे महिनाभराचे काम) आणि मुखपृष्ठावरचे बोधचिन्ह एवढेच येते.

खेड्यात इर्जिक घालतात तेव्हा दहा घरचे बैल आणि माणसे एका शेतावर येतात, पण नांगरायचे शेत कोणाचे आहे आणि त्यात काय पेरायचे आहे हे पहाटेच सर्वांना ठाऊक असते. कॉन्सॉर्टियममध्येही प्रत्येकाने आपले अवजार घेऊन यावे हे योग्यच आहे. मात्र शेत कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर पिचच्या स्लाइडवर मला सहसा सापडत नाही.

हे असे का झाले हे समजण्यासाठी वीसेक वर्षे मागे जावे लागते. संघाने सुरक्षा संशोधनाचा स्वतंत्र विचार सुरू केला तो 2001 च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर. युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, मान्यवरांचा एक गट नेमला, आणि त्या गटाने 2004 च्या मार्चमध्ये, म्हणजे माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले त्याच महिन्यात, आपला अहवाल दिला. वर्षाला किमान एक अब्ज युरो या संशोधनावर खर्च व्हावेत अशी त्याची शिफारस होती. गटात राजकीय नेत्यांबरोबर ईएडीएस, बीएई सिस्टिम्स, थालेस आणि फिनमेकानिका अशा संरक्षण उद्योगातील बड्या कंपन्यांचे प्रमुख होते. 2004 ते 2006 या काळात प्राथमिक स्वरूपाचा लहान कार्यक्रम झाला, 2007 पासूनच्या सातव्या आराखडा कार्यक्रमात, म्हणजे संघाच्या तेव्हाच्या संशोधन कार्यक्रमात, सुरक्षेला सुमारे 1.4 अब्ज युरो मिळाले, आणि सध्याच्या 95.5 अब्जांच्या होरायझन युरोपमध्ये 'समाजासाठी नागरी सुरक्षा' या तिसऱ्या क्लस्टरच्या, म्हणजे विभागाच्या, वाट्याला सुमारे 1.6 अब्ज आले आहेत. या प्रवासाच्या आरंभी टेबलाभोवती प्रामुख्याने वस्तू बनवणारे बसले होते. वापरणाऱ्यांना पुढे हळूहळू, आणि अखेर नियमाच्या सक्तीने, खुर्ची मिळाली. सक्तीने मिळालेल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची सवय लागायला वेळ लागतो, आणि तो काळ अजून संपलेला नाही असे मला वाटते.

तरीही या बाबतीत चांगले काही झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'होरायझन युरोप'च्या आधीच्या 'होरायझन 2020' या कार्यक्रमात प्रॅक्टिशनरांच्या स्वतःच्या जाळ्यांना पैसा देण्यात आला. 'फायर-इन' या प्रकल्पात अग्निशमन आणि बचाव क्षेत्रातील लोकांनी आपल्या गरजा स्वतः मांडल्या. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील पूरनिवारणासाठीच्या 'डेअरनेट'चे नेतृत्व जर्मनीच्या 'टीएचडब्ल्यू' या स्वयंसेवकांवर चालणाऱ्या मदत यंत्रणेकडे होते. आयोगाने 2021 मध्ये 'सेरिस' हा सुरक्षा संशोधनातील लोकांचा समुदाय सुरू केला. त्याच्या बैठकांत पैसा कोणाला मिळणार याची घाई नसते, म्हणून तेथे झालेले बोलणे मला अधिक मोकळे वाटते. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना माझा सल्ला असतो की, भागीदार शोधण्याच्या मेळाव्याला जाण्यापूर्वी अशा एखाद्या बैठकीला जावे आणि तेथे फक्त ऐकावे.

ऐकण्याचे महत्त्व मला 2021 च्या जुलैने शिकवले. त्या महिन्याच्या 14 आणि 15 तारखेला पश्चिम जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात आणि पूर्व बेल्जियममध्ये महापूर आला आणि दोन्ही देशांत मिळून दोनशेच्या वर माणसे गेली. आमच्याकडे लिंबुर्ख प्रांतातील फाल्केनबुर्ख गावाच्या मध्यभागातून पाणी वाहिले. त्यानंतर जेमतेम आठवड्याने, 22 जुलैला, चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले आणि महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर खचला. कामासाठी मी आर खोऱ्याचे नकाशे पाहत होते आणि फोनवर कोकणातील नातेवाइकांचे निरोप येत होते. युरोपीय पूर इशारा प्रणालीने, म्हणजे 'एफास'ने, धोक्याच्या सूचना काही दिवस आधीच पाठवल्या होत्या, आणि जर्मन हवामान खात्याचे इशारेही होते. उणीव राहिली ती इशारा आणि अंगण यांच्यामधल्या अंतरात: कोणी निर्णय घ्यायचा, कोणाला उठवायचे, आणि वीज गेल्यावर हे कसे करायचे. धोक्याच्या भागातील सर्व मोबाइलवर एकाच वेळी संदेश पोहोचवण्याची सेल ब्रॉडकास्ट व्यवस्था नेदरलँड्समध्ये 2012 पासून चालू होती. जर्मनीत ती 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच वर्षी भारतातही अशा संदेशांच्या देशव्यापी चाचण्या झाल्या आणि महाराष्ट्रातले फोन एकाच वेळी मोठ्याने वाजले, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

पुरानंतरच्या मेळाव्यांत पूर अंदाजाच्या नव्या मॉडेलांची पिच वाढली, आणि त्यांतील काही फार चांगली होती. माझे स्वतःचे काम मॉडेलांशी निगडित असल्याने त्यांची थोरवी मी कमी लेखणार नाही. पण खोऱ्यातील एखाद्या नगरपालिकेच्या आपत्कालीन अधिकाऱ्याशी बसून बोलले, तर तो अधिक अचूक अंदाज मागत नाही. मध्यरात्री तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडून तीन वेगवेगळे आकडे आले तर कोणता खरा मानायचा आणि तो मानून गाव रिकामे केले व पाणी आलेच नाही तर आपल्या मागे कोण उभे राहील, हे तो विचारतो. यात जलशास्त्राइतकेच कायद्याचे, मानसशास्त्राचे आणि प्रशासनाचे संशोधन लागते. हा प्रश्न ज्याने आधी ऐकला त्याचा कॉन्सॉर्टियम वेगळा बनतो. त्यात विधिज्ञ येतो, भाषेचा अभ्यासक येतो, आणि ते शोभेसाठी येत नाहीत.

प्रॅक्टिशनरांना बोलावताना त्यांच्या बाजूचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. वीस-पंचवीस माणसांच्या अग्निशमन केंद्राकडे प्रकल्पाचे अहवाल लिहायला वेगळा माणूस नसतो. एक अधिकारी ब्रुसेल्सला गेला की त्याची पाळी दुसऱ्याला करावी लागते, आणि प्रवासखर्च मंजूर होण्यासाठी नगरपालिकेत आठवडे जातात. अलीकडे अनेक टॉपिकना एकरकमी अनुदानाची, म्हणजे लम्पसमची पद्धत लागू झाली आहे, तीत आयोगाला तासांचे तक्ते दाखवावे लागत नाहीत, आणि लहान यंत्रणांसाठी ही मोठी सोय आहे. पण त्या पद्धतीत वर्क पॅकेज, म्हणजे कामाचा ठरवून दिलेला भाग, पूर्ण झाल्याशिवाय त्याची रक्कम मान्य होत नाही, हेही त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले पाहिजे. कोऑर्डिनेटरने पहिल्या पंधरा मिनिटांत कामाचा वाटा, पैशाचा वाटा आणि लिहिण्याची जबाबदारी या तीन गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या तर समोरचा माणूस विश्वासाने बसतो. त्या टाळून केवळ सहमतीपत्रावर सही मागितली तर तोही सही देऊन विसरून जातो. होरायझन 2020 मध्ये सरासरी आठ प्रस्तावांपैकी एकालाच पैसा मिळत असे. उरलेल्या सात प्रस्तावांत ज्यांनी आपल्या कामातून वेळ काढून दिला, त्यांना निकालानंतर साधा फोनही अनेकदा जात नाही. मी स्वतः तो फोन करते, आणि पुढच्या वर्षी ते लोक पुन्हा बोलायला तयार असतात.

आणखी एका अनुपस्थितीविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. सुरक्षा तंत्रज्ञान वापरणाऱ्यांपेक्षा वेगळा असा एक वर्ग असतो, ज्याच्यावर ते वापरले जाते. 'आयबॉर्डरकंट्रोल' या सुमारे 4.5 दशलक्ष युरोंच्या प्रकल्पात, 2016 ते 2019 या काळात, सीमेवर येणाऱ्या प्रवाशाच्या चेहऱ्यावरील सूक्ष्म हालचालींवरून तो खोटे बोलतो आहे का हे संगणकाने ठरवावे, असा प्रयोग झाला. हंगेरी, ग्रीस आणि लाटव्हिया येथे त्याच्या चाचण्या आखल्या गेल्या. कॉन्सॉर्टियममध्ये सीमा यंत्रणा होत्या, म्हणजे प्रॅक्टिशनरांची अट कागदोपत्री पूर्ण झालेली होती. 2019 ते 2024 या काळात युरोपीय संसदेचे सदस्य असलेले पॅट्रिक ब्रेयर यांनी त्याची कागदपत्रे उघड व्हावीत म्हणून 2019 मध्ये न्यायालयात धाव घेतली. 2021 च्या डिसेंबरमध्ये त्यांना अंशतः यश मिळाले आणि 2023 मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. त्या यंत्रापुढे उभे राहावे लागणारे निर्वासित, किंवा ज्यांच्या चेहऱ्याची भाषा युरोपातल्या नमुन्यांशी जुळत नाही असे आपल्यासारखे प्रवासी, यांच्या वतीने बोलणारे कोणी त्या आरंभीच्या बैठकांत असते तर कल्पना तेथेच तपासली गेली असती, असे मला मनापासून वाटते. भागीदार शोधण्याच्या यादीत नागरी हक्कांच्या संघटनांची नावे आजही तुरळकच दिसतात. त्यांना आमंत्रण देण्याची जबाबदारी प्रत्येक कोऑर्डिनेटरची आहे.

भारतातून अनेक तरुण मला विचारतात की, तेथील संस्थेला या प्रकल्पांत शिरता येईल का. भारतीय संस्था कॉन्सॉर्टियममध्ये येऊ शकते, पण टॉपिकमध्ये तसे वेगळे नमूद केले नसेल तर तिला संघाकडून पैसा मिळत नाही. तो स्वतःचा किंवा आपल्या सरकारचा आणावा लागतो. सुरक्षेच्या काही टॉपिकमध्ये बाहेरच्या देशांच्या सहभागावर मर्यादाही असतात. त्यामानाने आपत्ती प्रतिरोधाचे विषय मोकळे आहेत, आणि कोकणातील दरडींवर किंवा पंचगंगेच्या पुरावर वर्षानुवर्षे काम केलेल्यांजवळ युरोपाला देण्यासारखे खूप आहे. त्यांनी राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्याला निःसंकोच लिहावे, मार्गदर्शन विनामूल्य असते, आणि आपण कोणाची कोणती अडचण सोडवली हे पहिल्या परिच्छेदात लिहावे.

2028 पासूनच्या पुढच्या कार्यक्रमाची तयारी आता सुरू आहे. आयोगाने 2025 च्या जुलैमध्ये त्यासाठी 175 अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. होरायझन युरोपच्या मूळ नियमांत संशोधन केवळ नागरी उपयोगासाठी असावे असे बंधन आहे. ते सैल करून नागरी आणि लष्करी अशा दुहेरी उपयोगाला वाट द्यावी का, याची चर्चा 2024 च्या श्वेतपत्रिकेपासून उघडपणे चालू आहे. युक्रेनच्या युद्धानंतरची युरोपाची भीती खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. तरी पिचच्या दालनात संरक्षण कंपन्यांची संख्या वाढली तर नगरपालिकेच्या अधिकाऱ्याची खुर्ची पुन्हा भिंतीकडे सरकेल, ही शंका मनात येते. म्हणून मेळाव्यानंतर अभिप्रायाचा अर्ज येतो तेव्हा मी त्यात दोन सूचना लिहिते: पहिल्या दिवसाचे पहिले सत्र प्रॅक्टिशनरांना आणि नागरी हक्कांच्या संघटनांना द्यावे, त्यांनी आपल्या अडचणी सांगाव्यात आणि तंत्रज्ञानाची पिच त्यानंतरच व्हावीत, आणि लहान दलांतून येणाऱ्यांच्या प्रवासाचा आणि त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पाळीचा खर्च आयोजकांनी द्यावा. यांतील पहिल्या सूचनेवर एका आयोजकाने मला सविस्तर उत्तर पाठवून कार्यक्रमाचा मसुदा मागवला आहे, आणि तो तयार करण्यासाठी मी सध्या तीन देशांतील अग्निशमन अधिकाऱ्यांना, सकाळच्या सत्रात त्यांना काय सांगायचे आहे, हे विचारते आहे.